आसूढाळ घोडीसाठी सारंगखेड्याला

"काकू, हे भरून गुळगुळीत करून टाकू का?" तळोज्याच्या ओतकामवाल्याने विचारलं आणि माझा सारंगखेड्याचा प्रवास तिथेच ठरला.

आधी मास्तरांविषयी सांगते. मास्तर म्हणजे माझे यजमान, पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. आयुष्यभर त्यांनी घोडेच केले. मातीचे, लाकडाचे, रंगातले, आलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठीवरचेसुद्धा. गणपतीच्या दिवसांत पेणला रंगकामाला गेले, तरी येताना उरलेल्या शाडूचा घोडा करून आणायचे. आमच्या सुकापूरच्या घरात भांड्यांपेक्षा घोडे जास्त आहेत. दर वर्षी दत्तजयंतीच्या सुमारास ते खानदेशातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन बसायचे. मला जमलं नाही, सासूबाई अंथरुणावर होत्या. मग मास्तरच आजारी पडले. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

त्यांची शेवटची घोडी प्लास्टरमध्ये तयार होती, पितळेत ओतायची तेवढी राहिली होती. तिच्या डाव्या डोळ्याखाली एक खळगा आहे, बोट रुतून जरासं फिरल्यासारखा. शेवटच्या वर्षी मास्तरांचे हात कापायचे. ओतकामवाल्याला ती चूक वाटली आणि खरं सांगायचं तर मलाही. पण एका कानासाठी आठवडा घालवणाऱ्या माणसाने चूक तशीच ठेवली असती? मी त्याला थांबायला सांगितलं. ओतायच्या सोयीसाठी डोकं धडापासून वेगळंच होतं. ते गोधडीत गुंडाळलं आणि घोडेवाल्यांनाच विचारायचं ठरवलं.

सोबत माझी नणंद कमळ. पनवेलच्या स्टँडवरून सकाळची धुळ्याची एसटी धरली. बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. कळंबोलीच्या ट्रकांच्या गर्दीतून गाडी बाहेर पडेपर्यंत कंडक्टरचं लक्ष माझ्या मांडीवर गेलं.

"आजी, गोधडीत काय आहे?"

"घोडीचं डोकं."

त्याने वाकून गोधडीकडे पाहिलं. "मग हिचं पण तिकीट लागेल."

"बाईमाणूस हाय ती," कमळ म्हणाली, "अर्धाच फार!"

सगळी गाडी हसली. कसाऱ्याच्या घाटात कमळने खिडकी लावून घेतली आणि हळूच म्हणाली, "वयनी, दादानं तुला कदी नेला नाय. आता तू त्याला नेतेस." मी गोधडी थोडी वर ओढून घेतली.

धुळ्याला मुक्काम केला. स्टँडजवळ साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात, पण जत्रेच्या दिवसांत आधी फोन करून ठेवा. थंडी आपल्याकडच्यासारखी नसते, शाल नको, स्वेटरच न्या. रात्री शेवभाजी खाल्ली. कमळच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने दुसऱ्यांदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी दोंडाईचामार्गे सारंगखेडा. तापीच्या पुलाआधीच घोड्यांचा वास येतो.

आणि मग घोडे दिसतात. काळे, पांढरे, तांबडे, आत वळलेल्या कानांचे, पायांत घुंगरू बांधलेले. मला वाटलं, मी आमच्याच घरात आले आहे, फक्त इथले हलतात. ही मान मी पाहिली होती, माझ्या कपाटावर. हा उचललेला पाय तर आमच्या टीव्हीशेजारी आहे. मास्तरांनी एक रेषही मनाने काढली नव्हती. गर्दीत उभी राहून मला त्यांचा असा अभिमान वाटला, की कमळचा हात घट्ट धरावा लागला.

एका मांडवात चार-पाच व्यापारी चहा पीत बसले होते. मी गोधडी सोडली. एका मिशीवाल्याने खऱ्या जनावराचं पाहावं तसं डोकं वळवून पाहिलं आणि पटकन मागे सरकला.

"ताई, ही घरात ठेवू नका. आसूढाळ आहे."

म्हणजे काय, ते त्यानेच सांगितलं. घोडा घेताना अंगावरचे केसांचे भोवरे बघतात. गळ्यावर असला तर शुभ. डोळ्याखाली, आसवं ओघळतात तिथे असला, तर धन्याचं वाईट होतं म्हणतात. तो घोडा कुणी घेत नाही.

"म्हणजे हा भोवरा आहे? बोट रुतलेलं नाही?"

"बोट? अहो, केस कसे फिरलेत बघा की!"

एवढ्यात मागच्या खाटेवरचे एक म्हातारे उठून आले. मालेगावचे इब्राहीमचाचा. त्यांनी त्या खळग्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ये तो मेरी चांदणी है! मास्तर कुठं आहेत?"

मी सांगितलं. चाचा खाली बसले. मग म्हणाले, "बेटी, दर साल मी हिला विकायला आणायचो, दर साल परत न्यायचो. ते समोर बसून हिलाच काढायचे. मी म्हणायचो, मास्तर, दुसरं चांगलं जानवर घ्या ना. तर म्हणायचे, चाचा, हिला कुणी घेत नाही म्हणून तर आमची भेट होते."

"अशीच होती?" मी विचारलं.

"अशीच. 'कुठून आलात?' असं विचारल्यासारखी बघायची, तीसुद्धा अशीच."

मिशीवाला अजून म्हणत होता, तेवढं भरून घ्या, ताई, चांगली वस्तू आहे. नवरा गेल्यावर हळदीकुंकवाला मला कोण बोलावतं आणि कोण विसरतं, ते मला ठाऊक आहे. मी तिथूनच तळोज्याला फोन लावला.

"काही भरू नका. आहे तशी ओता. भोवऱ्याची एक रेषसुद्धा पुसायची नाही."

परत येताना वांग्याच्या भरिताबरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी खाल्ली. तुम्ही गेलात तर चुकवू नका. घोडा घ्यायचा नसला तरी तिथे कुणी हाकलत नाही. दोन दिवस हाताशी ठेवून जा, एक दिवस नुसता बघण्यातच जातो.

मागच्या महिन्यात पितळेची घोडी घरी आली. घरापुढच्या ओट्यावर उभी केली आहे. मास्तरांच्या शाळेला ती फाटकाशी हवी आहे. मी भोवऱ्याचं सगळं सांगून टाकलं, लपवून द्यायची नाही. ते विचार करून कळवणार आहेत.

कमळ काल विचारत होती, "आणि नको म्हनले तर?"

"तर बरंच," मी म्हटलं. "रोज भेट होईल."