दादा बोलत होता आणि मी गाणं सुरू केलं

आधीच सॉरी हां, माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा आठवीतच सुटली. टाईप पण हळू होतं.

आज आमच्या दिवा स्टेशनजवळच्या चर्चमध्ये संजूदादा आलेला, आमच्या मंडळीतलाच. तो आर्मीत आहे, बॉर्डरवरून सुट्टीवर आलाय. शाल, हार, फोटो सगळं झालं. मग पास्टर म्हणाले, "बाळा, देवाने तुला कसं राखलं, साक्ष दे."

दादाने माईक घेतला. मग बोलला, "मला राखलं. माझ्या बाजूच्याला नाय राखलं. प्रार्थना तर आम्ही दोघांनी केलेली."

मागून एक मावशी ओरडली, "हालेलुया!" पास्टरांनी मला हात केला. कीबोर्ड मी वाजवते. मी लगेच स्तुतीचं गाणं सुरू केलं, सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

दादा अजून बोलत होता. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. मग त्याने माईक ठेवला आणि खाली बसला.

चहाच्या वेळी विचारायचं होतं, "दादा, तो कोण होता?" पण मी लाजले, कप धुवत बसले. दादा उद्या ड्युटीवर परत जाणार.

येशू पण मित्राच्या कबरीपाशी रडलेला ना? मग आपण रडणाऱ्यासमोर टाळ्या का वाजवतो? तुम्ही असता तर वाजवायचं थांबला असता का?

बरं, मी परत विषय बदलते, शेजारच्यांच्या मांजरीला आत्ताच चार पिल्लं झाली.