पडदा उघडेपर्यंत

मी देवाला मानतो, पण जरा तपासून. नवस बोलायच्या आधी तो फेडायला नारळ किती लागतील हे भटजींना विचारून ठेवणाऱ्यांतला मी. त्यामुळे कृपा हा शब्द माझ्या तोंडी सहज येत नाही. जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

बायकोच्या भाचीच्या लग्नासाठी आम्ही पेडण्याहून रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात गेलो होतो. बरोबर माझे वडील होते. त्यांना हल्ली विसर पडतो, म्हणून माझा फोन नंबर लिहिलेलं पाकीट त्यांच्या गळ्यात अडकवलेलं असतं. शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो तेवढ्यात ते लॉजवरून नाहीसे झाले. बायको रडकुंडीला आली आणि मी गणित मांडलं. बाबा घरच्या तुळशीपासून फाटकापर्यंत कसे रखडत जातात ते मला ठाऊक होतं. त्या चालीने ते बाजाराच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं. आणि गेले तर ते देवळातच जाणार, म्हणून तेवढ्यातलीच सगळी देवळं मी पुन्हा पुन्हा पालथी घातली आणि मधल्या वेळात एकेका नातेवाइकाला फोन लावत राहिलो. "हिशोब मागीर करा, आधी बाबांक सोदा!" बायको भर बाजारात ओरडली. शेवटच्या देवळामागे समुद्र दिसला आणि माझं गणित तिथेच थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न ठरवता हात जोडले.

तेवढ्यात एक बाई धापा टाकत आमच्याकडे आली. हातात फोन, कपाळावर आठ्या. "गळ्यात पाकीटवाले आजोबा तुमचेच ना? केव्हाची लावतेय, तुमचा फोन आपला सारखा एंगेजच! शेवटी म्हटलं, बाजारात कोणी रडताना दिसतंय का बघू." दूधवाल्याच्या स्कूटरवर बसून बाबा गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते, आणि तिच्या घराशेजारच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जाऊन बसले होते. स्कूटर माझ्या गणितात नव्हती.

बाहेरून ती वास्तू एखाद्या जुन्या शाळेसारखी दिसली. चुन्याच्या जाड भिंती, वर कौलं, उंच कमानीच्या खिडक्या. मी सवयीने उंबऱ्याशी टोपी काढली आणि आत देव म्हणजे सोवळं पाळायला हवं, या विचाराने शर्टाच्या गुंड्याही सोडू लागलो. दारातले वयस्क गृहस्थ घाईने म्हणाले, "अहो, राहू द्या, राहू द्या! एकाला कसाबसा रुमाल घातलाय डोक्यावर. आमच्याकडे डोकं झाकतात, आणि शर्ट अंगातच ठेवतात." मी टोपी परत घातली. आत पहिल्याच बाकावर बाबा उघडेबंब बसले होते, शर्ट घडी करून शेजारी आणि डोक्यावर कोणाचा तरी चौकड्यांचा रुमाल.

"बाबा, चला."

"गप रे. पडदो अजून उघडूक नाय. निवेद चलता. दर्शन घेतल्याबिगर मी येवचंय नाय."

समोर पश्चिमेच्या भिंतीत लाकडी कपाट होतं, त्यावर जरीचा पडदा आणि वर अखंड तेवणारा दिवा. आमच्याकडे नैवेद्य दाखवताना असाच पडदा ओढतात आणि माणसं निमूट थांबतात. दिवाणखान्यात चहा पाच मिनिटं उशिरा आला तर आरडाओरडा करणारे बाबा तिथे सकाळपासून शांत बसले होते. बसले नसते तर कुठे गेले असते, देव जाणे.

गृहस्थांनी मला बाजूला बसवलं. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा पवित्र वार, त्या दिवशी ते फोनला हात लावत नाहीत, म्हणून त्यांनी शेजारणीला सांगितलं होतं. त्यांच्या समाजाचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते; पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. "समुद्रातून आलेल्यांना घरात घेणं आम्हाला ठाऊक आहे," ते हसले, "पण तुमच्या बाबांनी आम्हालाच बसायला सांगितलं." खरंच, मध्यभागी कठडा असलेला लाकडी चौथरा होता, तिथून ग्रंथ वाचतात; बाबांनी आल्याआल्या त्याला प्रदक्षिणा घातल्या होत्या आणि येणाऱ्यांना मागे जागा करून दिली होती. बायको वर बायकांच्या सज्जात जाऊन बसली.

मला एकच भीती होती. आत मूर्ती नसते हे मला वाचून माहीत होतं. पडदा उघडल्यावर बाबा "देव खंय?" म्हणून गोंधळ घालतील, आणि या भल्या माणसांची प्रार्थना मोडेल. प्रार्थना चढत गेली, सगळे उभे राहिले, पडदा सरला, दारं उघडली. आत मखमलीत गुंडाळलेल्या ग्रंथांच्या उभ्या गुंडाळ्या होत्या, माथ्यावर चांदीची घुंगरं. त्यातली एक छातीशी धरून बाहेर आणली तशी घुंगरं वाजली.

बाबांनी हात जोडले. बराच वेळ बघत राहिले. मग शर्ट घालत म्हणाले, "दिसलो. चल आता, लग्नाक उशीर जाता."

काय दिसलं, ते मी विचारलं नाही. दुसऱ्यांच्या देवाने माझा बाप सांभाळून ठेवला होता आणि मी आपल्याच ओळखीच्या देवळांत त्याला शोधत होतो. त्या गावच्या त्या मंडळींचे उपकार आठवले की मी आजही डोकं झाकून घेतो आणि थोडा वेळ नुसता बसतो.