ताजं नको, अनुभवी द्या

घिवलीची हंसाबाई तामोरे बोईसरच्या बाजारात मासे विकते. तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नाही. पण मुलीचं नाव निघालं की हीच बाई लोण्यासारखी मऊ. जागृती आयटीआय झाली, केमिकल प्लांट चालवायचं शिकली. "माजी पोर माशांची पाटी डोक्यावर घेणार नाय," असं हंसाबाई येईल त्या गिऱ्हाईकाला ऐकवायची.

कंपनीतली मुलाखत देऊन जागृती सरळ बाजारातच आली. मी तिथे बोंबील घेत होतो.

"काय झाला गो?"

"फ्रेशर नको बोलले. दोन वर्षांचा अनुभव पायजे."

"फ्रेशर म्हंजे?"

"नवी. ताजी."

हंसाबाईला कळेचना. तिच्या धंद्यात ताजं म्हटलं की गिऱ्हाईक उड्या मारतं. "ताजी म्हणून परत धाडली? मंग त्यांना काय शिळी पायजे?"

मला आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. मी बोईसरच्याच एका कारखान्यात आहे. साहेब लोकांचं रडगाणं रोज ऐकतो: इथल्या पोरांना काही येत नाही, कुशल माणूस मिळत नाही. अरे, मिळेल कुठून? पहिली दोन वर्षं कुणीच द्यायला तयार नाही. शिकवायची कटकट शेजारच्या कंपनीनं करायची आणि तयार माणूस यांना हवा. सगळेच आयत्या बिळावरचे नागोबा!

रविवारी कृष्णकांत साहेब मासे घ्यायला आले. मुलाखत त्यांनीच घेतली होती. जागृतीनं आईला कोपरानं खुणावलं. साहेबांनी नेहमीप्रमाणे सुरमईचे कल्ले उचकटून पाहिले.

"ताजी आहे ना?"

हंसाबाईनं ती सुरमई त्यांच्या हातातून काढून घेतली आणि कालची उरलेली, डोळे आत गेलेली, पुढ्यात आपटली.

"अहो, ही शिळी आहे!"

"शिळी नाय साहेब, अनुभवी हाय. तुमाला ताजा चालत नाय ना?"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. साहेबांनी जागृतीकडे पाहिलं आणि ते ओशाळले. मला वाटलं, आता तरी पोरीला बोलावतील. ते पलीकडच्या बाईकडे गेले आणि तिच्या सुरमईचे कल्ले उचकटू लागले.

जागृती आता आईशेजारी बसून मासे कापते. घरी जाताना पाटी तीच डोक्यावर घेते. साहेबांच्या कंपनीच्या गेटवर 'कुशल कामगार पाहिजेत' हा बोर्ड परवाच नव्यानं रंगवलाय.