नदीच्या अलीकडचा मुलगा

मला दोन मुलगे. थोरला वर्धा नदीच्या पलीकडे, पुलगावला जन्मला. धाकटा अलीकडे, अमरावतीला. बायकोचे पहिले बाळंतपण माहेरी आणि पुढची सासरी, या रीतीमुळे तसे झाले. त्यात कोणाचा काही बेत नव्हता. दोघांत अंतर तेवीस महिन्यांचे. पण थोरला इंग्रजांची प्रजा आणि धाकटा निजामाची, हे धाकटा एकवीस वर्षांचा होईपर्यंत मला ठाऊक नव्हते. मी शाळेत गणित शिकवीत असे. घरातल्याच माणसांची मोजदाद चुकायला नको होती.

मांडणी अशी होती. वऱ्हाड निजामाचे. इंग्रजांनी ते कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलेले आणि कारभाराला मध्यप्रांताला जोडलेले. म्हणजे शेतसारा नागपूरचे इंग्रज सरकार घेणार, कायदे तिथून येणार, शिक्षाही तेच देणार. पण कागदावर आम्ही परके. इतके परके, की कौन्सिलासाठी आम्ही मते देऊन माणूस निवडायचा आणि मग सरकारने त्याच माणसाला ‘नेमायचे’. परमुलखातला माणूस निवडून आला असे म्हणायची सोय नव्हती.

हे सारे मला ऐकून ठाऊक होते, पण घरच्या माणसांना लावून पाहिले नव्हते; उलट त्यावर मी हसत असे. धाकट्याला विलायतेत कापड रंगवण्याचे शिक्षण घ्यायला जागा मिळाली, तेव्हा हसणे थांबले. वर्ग सप्टेंबरअखेर सुरू होणार होते. तोवर हजर न झाल्यास जागा दुसऱ्याला जाणार होती. पासपोर्टाचा अर्ज आम्ही मार्चातच केला.

नागपूरच्या कारकुनाने जन्मगाव वाचले आणि कागद परत सरकवला. “अमरावती? मग हे आमच्याकडे नाही. हैदराबादेस लिहा.”

हैदराबादेस लिहिले. अडतिसाव्या दिवशी उत्तर आले, की वऱ्हाडचा कारभार नागपूरकडे असल्याने तिकडे विचारावे. दिल्लीला लिहिले. दिल्लीने कळवले, की प्रांताने आधी मत द्यावे. मी पुन्हा नागपूरला गेलो.

“परक्या माणसाला इंग्रजांची प्रजा करून घेता येते म्हणतात,” मी म्हणालो. “तसे तरी करा.”

“त्याला आमच्या मुलखात पाच वर्षे राहावे लागते.”

“एकवीस वर्षे राहतो आहे.”

“वऱ्हाडात. तो मुलूख आमचा नाही.”

“मग तिथला सारा कोण घेते?”

“आम्ही,” तो म्हणाला. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. मग आवाज उतरवून म्हणाला, “मास्तर, इतकी यातायात कशाला? दुसरे बाळंतपणही माहेरीच झाले, असे मुलाच्या आजीचे प्रतिज्ञापत्र आणा. आठ दिवसांत पासपोर्ट देतो.”

घरी हे सांगितले आणि चूक केली. सासूबाई पुढच्याच गाडीने पुलगावहून आल्या.

“कुठी अंगठा द्याचा ते सांगा जावईबापू. माह्या नातवाचा जन्म, मी म्हणीन तिथं झाला.”

“अहो, पण तो इथे झाला. नोंद मीच करवली आहे.”

“नोंद करवली! कोनी सांगतलं होतं एवढं शायनं व्हाले?”

थोरला संत्र्याच्या बागेतून जेवायला आला होता. त्याची उभ्या जन्मात अकोल्यापलीकडे मजल गेली नव्हती. तो भावाला म्हणाला, “माहा जन्म घेऊन जा रे तू. मले इथं काय कामाचा?”

धाकटा मात्र हसला नाही. “बाबा, मी कुठी झालो ते मले तर आठवत नाही. आजी म्हनते तेच खरं धरा ना.”

मी नाही म्हणालो. खोट्या प्रतिज्ञापत्रावर आगबोट पकडायची आणि तिकडे कधी कोणी नोंद काढली तर परमुलखात मुलगा एकटा, हे एक कारण होते. दुसरे कारण असे, की मला ते करवत नव्हते. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, “अवो, तुमी खरं खरं करून राहिले अन् पोराची जागा जाऊन राहिली.”

मी सत्तावीस पत्रे लिहिली. पासपोर्ट आला, चार ऑक्टोबरला. त्यावर धाकटा ना इंग्रजांची प्रजा होता, ना निजामाची. तो ‘ब्रिटिश-संरक्षित इसम’ होता. मी बायकोला अर्थ सांगितला.

“संरक्षण?” तिने विचारले. “कोनापासून?”

तीन कचेऱ्यांना मी पुष्कळ प्रश्न विचारले होते, हा सुचला नव्हता.

जागा गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा अर्ज करावा म्हणून मी छापील कागद मागवून ठेवले. त्याने ते भरले नाहीत. तो अकोल्याच्या एका गिरणीत रंगखात्यात लागला. तिथे त्याला कोणाची प्रजा ते कोणी विचारले नाही, पहाटेच्या पाळीला येशील का एवढेच विचारले. सणावाराला घरी येतो, बोटांच्या पेरांत निळा रंग असतो, माझ्याशी नीट बोलतो. एकदा जेवताना त्याने सहज विचारले, “बाबा, आज तो कागद समोर आला तर आजीले अंगठा देऊ द्यान का?”

मी त्याला भाजी वाढली. उत्तर तेव्हाही ‘नाही’च होते, पण ते मी त्याच्यासमोर अजून उच्चारलेले नाही.