तिच्या दोन तक्रारी

भेंडीचा धंदा मी डोक्यावरच्या पाटीपासून सुरू केला. आज किन्हवलीत माझा स्वतःचा वजनकाटा आहे, टेम्पो आहे. भाव ठरवताना समोरचा खाली आल्याशिवाय मी हलत नाही. एका बाबतीत मात्र मी हरतच आले.

माझ्या धाकट्या भावावर आमच्याच पाड्यावरच्या एका मुलीने जबरदस्तीची तक्रार केली होती. तिच्या काकाचं आणि आमचं तेव्हा बांधावरून भांडण चालू होतं. ज्या दुपारचं ती सांगत होती, त्या दुपारी भाऊ माझ्यासोबत कल्याणच्या बाजारात माल उतरवत होता. मी घसा फोडून सांगितलं. कोर्टाने ते मान्य करायला सात वर्षं गेली. तो निर्दोष सुटला त्या दिवशी मी पाड्यावर पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले आणि म्हणाले, "साक्षीदार फुटले असतील." तोवर त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आता तो कसाऱ्याला खोली घेऊन राहतो, गावच्या जत्रेलाही येत नाही. तेव्हापासून कुठल्याही बाईची तक्रार कानावर आली की "खोटी असेल" हे पहिलं वाक्य माझंच असायचं.

गेल्या उन्हाळ्यात तीच मुलगी माझ्या काट्यावर आली. तिला मुरबाडकडे दिलेली. माल घालायला आलेल्या शेतकऱ्यांदेखत मी म्हणाले, "काय गो, आता कोणाला आत घालाया आलीस?"

ती हलली नाही. सगळे जाईपर्यंत दाराशी उभी राहिली, मग बोलली. घरात कोणी नसताना थोरल्या दिराने तिच्यावर जबरदस्ती केली होती. सासू म्हणत होती, हिची सवयच आहे, माहेरीही हिने हेच केलं. नवऱ्याने तेच धरून ठेवलं. आईने दारातूनच परत पाठवलं.

"मंग माझ्याकडं कशाला आलीस?"

"तुमी संगं असल्यावर तसं कोणाला बोलता नाय येणार."

तिचा हिशोब पक्का होता. मी माझी अट घातली. "आधी पाड्यावर चल. काकाने शिकवलं म्हणून खोटं बोलले, असं सगळ्यांसमोर सांग. मंग येते."

"चला. आत्ताच चला," ती म्हणाली. "पण मंग पोलीस ठाण्यात माझं खरं कोण धरील, ताय?"

मी चिडले आणि भावाला फोन लावला. तो तरी माझी बाजू घेईल असं वाटलं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "खरं बोलते का?"

"हातावर वळ हायेत."

"मग जा ना."

"आणि तुझं रे?"

"माझं काय व्हायचं ते झालं. तुला भांडायचंच हाय ना? तिकडं जाऊन भांड!" त्याने फोन ठेवला.

मी तिला टेम्पोत बसवलं. ठाण्यात पोचलो तर मागोमाग तिचा सासरा दोन माणसं घेऊन हजर. त्याने तेच सुरू केलं, "साहेब, हिची सवयच हाय."

"पहिली तक्रार जिच्या भावावर झाली ती मी," मी म्हणाले. "माझं घर जळलं त्यात. तरी मी हिच्यासंगं आले. आता बोला काय बोलायचं ते."

साहेबांनी वही पुढे ओढली. तक्रार लिहून होईपर्यंत तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. मी सोडवून घेतलं नाही. तिच्यावरचा राग गेला होता असंही नाही.

परतताना मी विचारलंच, "भावाचं कधी सांगशील?"

"ह्या केसचा निकाल लागला का दुसऱ्या दिवशी. सगळ्या पाड्यासमोर."

मी घासाघीस केली नाही. निकालाला किती वर्षं लागतात हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. भाऊ आता छत्तीसचा आहे.