किसनभाऊच्या केळीला माझं पाणी

आख्ख्या आंबी गावात माझ्या दारातल्या पार्किंगसारखं चमकणारं पार्किंग दुसऱ्या कुणाचं न्हाई. चमकतं ते मधोमध पाणी साठून ऱ्हातं म्हणून.

ते पाणी बघितलं की मला शेजारचा किसनभाऊ आठवतो. आता तो न्हाई. तुमी त्याला बघितलं असतं तर तुमाला बी तो आवडला असता. सगळ्यांनाच आवडायचा, आन् हाच माझा तरास व्हता. शिकलेला म्हणावं तर तो बी माझ्यासारखाच, साळंच्या भिंतीला टेकून घरी आलेला. भात बी त्याचं माझ्यापेक्षा लय व्हायचं आसं न्हाई. पण गावात कुणाचं भांडण मिटवायचं आसो, सोयरीक जमवायची आसो, बैठक त्याच्याच अंगणात. माझ्या अंगणात फकस्त कुत्री बसायची, ती बी त्याच्याकडं जागा उरली न्हाई म्हणून.

किसनभाऊनं उमर घातली ती लोणावळ्याला एका बंगल्यावर माळीकामात. तितल्या पावसानं त्याला एक खोड लावून दिली. कुणाच्या बी घरी गेला की हातात दिलेल्या तांब्यातलं अर्धं पाणी प्यायचा आन् अर्धं अंगणात वतायचा. मग गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, ते कुटं जातंय ते बघत ऱ्हायचा. नव्या माणसाला वाटावं म्हाताऱ्याचं काय तरी हरवलंय. इचारलं की म्हणायचा, "माणूस भीड धरतो रं, पाणी न्हाई धरत."

त्याच्या पोरानं चारचाकी घेतली, तवा दारात पार्किंग करायचं ठरलं. मग मला बी पायजेच झालं. माझ्याकडं एक जुनी स्कूटर. ती पार्किंग नसताना बी कुटं पळून जात न्हवती, खरं सांगायचं तर धा किका मारल्याबिगर जागची हालत बी न्हवती. पण माझ्या पूजाची सोयरीक जमत आलती, आन् तिचा साखरपुडा माझ्याच दारात व्हायला पायजे, भाऊच्या न्हाई, ही माझी जिद्द. आमच्या मंडळींनी, म्हंजे सुमननं, इचारलं, जिद्द पोरीसाठी हाय का शेजाऱ्यासाठी. मी म्हणालो, पोरीसाठी. तिनं भाकरी जोरात थापली.

ठेकेदार शोधायला भाऊ आन् मी माझ्याच स्कूटरवर हिंडलो. किसनभाऊची रीत न्यारी. ठेकेदाराच्या तोंडाकडं तो बघायचाच न्हाई. आधी कुणाकुणाकडं काम केलंय ते इचारून घ्यायचा आन् त्या घरी जायचा. सोमाटण्याला गेलो, आंदर मावळात पार डोंगराच्या पायथ्याला गेलो. घरच्या मालकाला नमस्कार करायचा, पण चौकशी करायचा ती बाईमाणसाकडं. "मावशी, झाडताना पाणी कुटं आडून ऱ्हातं?" मला म्हणायचा, "बाप्याला काय इचारायचं? त्यानं कदी झाडू धरलाय व्हय?" बाया हसायच्या, कोपरा दाखवायच्या, मग च्या व्हायचा. वळख ना पाळख, पण निघताना घरातली पोरंसोरं सुद्दा त्याच्या पाया पडायची. मला एकीनं इचारलं, "तुमी रिक्षावाले का?"

शेवटी त्यानं एक सादा ठेकेदार धरला आन् करडे सिमेंटचे ब्लॉक निवडले. ब्लॉक बसवायच्या आदी खाली मुरूम टाकून एवढा दाबून घेतला, की माझ्या घरातली भांडी हालायची. मला ते करडं काम बघवंना. मी लोणावळ्याच्या हाटेलात एकदा च्या प्यालतो, तितल्यासारखी लालपांढरी चकचकीत फरशी मी ठरवली. भाऊनं तिच्यावरनं तळवा फिरवला आन् म्हणाला, "नामा, ही घरात घाल. भाईर नको." मी मनात म्हणालो, जळतोय. जळत कोण व्हतं ते माझं मला म्हाईत.

माझा ठेकेदार मी मोबाईलवर निवडला. ज्याच्या मोबाईलात फोटो लय, तो चांगला. भाऊ म्हणाला, त्याच्या एखाद्या कामावर पाणी वतून तर येऊ. मी म्हणालो, भाऊ, तुमचा तांब्या आता घरी ऱ्हाऊ द्या.

आन् खरी अक्कल मी म्होरंच पाजळली. आमचं घर उंचावर, किसनभाऊचं खाली. ठेकेदारानं इचारलं, फरशीचा उतार कुटं काढू? त्याचं म्हणणं, जमीन उतरतीय तिकडंच काढू, म्हंजे शेजारच्या केळीत पाणी जाईल. माझ्या डोक्यात भाताचं खाचर आलं. वरच्या खाचरातलं पाणी खालच्याला जातं, आन् खालचा फुकटात पीक घेतो, ह्यावरनं आमच्या आज्याची भांडणं झालेली. पैसं माझं, फरशी माझी, पाऊस माझ्या दारात पडणार, आन् केळी पोसायची त्याची? मी सांगितलं, उतार उलटा काढा, माझ्या घराकडं. ठेकेदार म्हणाला, मग पाणी तुमच्या उंबऱ्याला येईल. मी म्हणालो, येऊ दे, माझंच हाय. त्यानं माझ्याकडं बघितलं, फोटो काढला आन् काम उरकलं.

साखरपुडा भर उन्हाळ्यात. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, आन् व्याह्यांच्या गाड्या वळणावर दिसायला आन् अवकाळी कोसळायला एकच गाठ पडली. पाहुण्यांच्या आदी पाणी घरात गेलं. पाट तरंगले. पेढ्याचं ताट हातात घेऊन मी "या, या" करत पुढं झालो, आन् त्या चकचकीत फरशीवरनं थेट व्याह्यांच्या पायापतुर आलो, पोटावर. व्याही आदबीनं मागं सरले. त्यांना वाटलं, आमच्यात लोटांगण घालायची पद्धत हाय. पूजा दारात उभी व्हती. ती हसत बी न्हवती आन् रडत बी न्हवती, आन् मला ते सगळ्यात जास्त लागलं.

पाऊस आला तसा गेला. माझ्या दारात तळं, आन् भाऊचं अंगण निथळून मोकळं. त्यानं लगोलग सतरंज्या टाकल्या, सूनबाईला चुलीवर आधण ठेवायला लावलं, आन् व्याह्यांच्या म्होरं जाऊन म्हणाला, "चला पाव्हणं. अंगण एकच हाय, मदी भिंत हाय एवढंच." पोरीचा साखरपुडा झाला, गोड झाला, आन् झाला त्याच्याच दारात. व्याही जाताना त्याच्या पाया पडले. माझ्या पाया पडायला त्यांना फरशीची भीती वाटली आसंल.

मी दोन-तीन दिस वाट बघितली, की आता भाऊ टोमणा मारंल. एक मारला असता तर मी दहा मारले असते. त्यानं तेवढी बी सोय ठेवली न्हाई. उलट एका सकाळी भिंतीशी उभा ऱ्हाऊन म्हणाला, "नामा, माझी केळी वाळत्यात बघ. तुझं पाणी देशील का मला?" माझी छाती फुगली. किसनभाऊ माझ्याकडं मागतोय. मी म्हणालो, बघतो, इचार करतो. संध्याकाळी मी सोता भिंतीला भोक पाडलं, उंबऱ्याजवळनं नाली काढली आन् पाणी त्याच्याकडं सोडलं. म्होरल्या पावसात माझं घर कोरडं ऱ्हायलं, तवा सुमन म्हणाली, त्यांच्या केळीला ओढ्यावरनं पाण्याचा पाईप हाय, तुमाला म्हाईत न्हवतं? मधी फरशी खचलीय, तितलं डबकं तेवढं ऱ्हायलं. ते फरशी फोडल्याबिगर जायचं न्हाई.

भाऊ गेला तो भात झोडून झाल्यावर, थंडीत, दुपारचा झोपला तो उठलाच न्हाई. दहाव्याला माणूस मावंना. लोणावळ्यासनं बंगल्याचे मालक आले, च्या पाजणाऱ्या आंदर मावळातल्या बाया आल्या, माझे व्याही आले. त्याचं अंगण भरलं, रस्ता भरला, मग गाड्या माझ्या दारात लागायला लागल्या. मी खांद्यावर टावेल टाकून, रडत रडत, "मागं घ्या, आजून मागं" करत एकेक गाडी लावत व्हतो. रडू खरं व्हतं. पण शेवटची गाडी लागली आन् एका पायाला बी जागा उरली न्हाई, तवा मला ऱ्हावलं न्हाई. मी सुमनच्या कानाशी म्हणालो, "बघ, आज आपलं पार्किंग भरलं."

तिनं पदरानं डोळं पुसलं आन् म्हणाली, "त्यांच्यासाठी भरलंय. तुमच्या दहाव्याला आपलं एकटं पार्किंगच पुरंल. उरंल बी."