आत्यानं सांगितलेली हिस्ट्री

घरातली माणसं एकत्र प्रवासाला निघाली की परत येताना बॅगा तेवढ्याच असतात, किस्से मात्र वाढलेले असतात. आमच्याकडे ते न सांगता साठतात आणि मग कुणाच्या तरी लग्नात, जेवायला बसलं की, सगळे एकदम सांगायला लागतात. प्रत्येकाचं सांगणं वेगळं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीतले किस्से त्यातलेच. आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो आणि टेंभुर्णीपर्यंत पोचलो. त्या आठवड्यात नेमकं काय काय झालं ते मला अजूनही सलग लागत नाही, तेव्हा जसं आठवतं तसं सांगतो.

आधी माणसं सांगतो. सोलापूरच्या भवानी पेठेत माझं शाळेच्या युनिफॉर्मचं शिवणकाम आहे. मे महिन्यात आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून आमची सहल दिवाळीत. बायको सुवर्णा आणि मुलगा शौर्य, वय पावणेसहा. साडू प्रकाशराव एकटेच आले होते. ते इन्शुरन्सचे एजंट, आमची पॉलिसी त्यांनीच काढलेली. आणि माझी सांगोल्याची आत्या. आपल्या अकरा शेळ्या शेजारणीच्या गळ्यात घालून ती जन्मात पहिल्यांदा हवा खायला निघाली होती. शौर्यला ती वाळक्या म्हणते. त्याचं वजन चोवीस किलो आहे.

*

आजाराचं पहिलं लक्षण म्हणजे शौर्य गाडीत शहाणा झाला.

मोहोळ मागे पडलं तरी खिडकीवरून भांडण नाही, मोबाईल मागितला नाही, "अजून किती लांब" असं एकदाही विचारलं नाही. सुवर्णा म्हणाली, "शाळेनं वळण लावलं बघा." प्रकाशराव म्हणाले, "वयाबरोबर येतो समजूतदारपणा." मीही आरशात बघून मान डोलावली. तासभर आम्ही तिघं त्या शहाणपणाचं कौतुक करत होतो.

टेंभुर्णीला नाश्त्याला थांबलो. समोर गरम भजी आली. शौर्यनं भज्यांकडे बघितलं आणि डोकं टेबलावर ठेवलं. आत्यानं त्याच्या कपाळाला हात लावला.

"दत्ता, गाडी फिरव."

"आत्या, वर थंड हवा आहे. तिथं गेल्यावर बरं वाटेल त्याला."

"आरं, तवा झालाय तवा. पोट बघ त्येचं कसं आत-भाईर हुतंय. फिरव म्हणते ना."

मी पोटाकडे बघितलं आणि गाडी फिरवली. भज्यांचं काय झालं ते कुणालाच आठवत नाही.

*

सोलापुरातलं लहान मुलांचं हॉस्पिटल आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "ताप कधीपासून आहे?"

मी म्हणालो, "आज सकाळपासून." सुवर्णा म्हणाली, "काल संध्याकाळपासून. आणि परवापासून खोकला, फटाक्यांचा धूर लागला." प्रकाशराव म्हणाले, "टेंभुर्णीपासून."

डॉक्टरीणबाईंनी पेन तसंच धरून आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. मग आत्या खुर्ची ओढून पुढं बसली. घरातलं सगळ्यात मोठं माणूस, तेव्हा त्यांना तिचंच बोलणं भरवशाचं वाटलं असणार.

"लई नाजूक हाय ओ बाई ह्यो. पाळण्यात हुता तवापास्नं छातीत घरघर. जरा वारं लागलं की पडतंय. अन्नाला तर शिवत न्हाय."

मी सुवर्णाकडे बघितलं. सुवर्णानं माझ्याकडे बघितलं. आदल्या दिवशी याच पोरानं सात करंज्या खाल्ल्या होत्या. पण आत्या इतक्या खात्रीनं सांगत होती की मलाच वाटलं, आपल्याला न सांगितलेलं काही असेल. डॉक्टरीणबाई सगळं लिहून घेत होत्या.

एक्स-रे निघाला. न्यूमोनिया. ॲडमिट करायचं, ऑक्सिजन लावायचा. त्याच्या एवढ्याशा नाकाला ती नळी लावली तेव्हा मी इतका घाबरलो होतो की कुणी माझं नाव विचारलं असतं तरी प्रकाशरावांकडे बघितलं असतं.

*

पॉलिसी काढताना प्रकाशराव म्हणाले होते, "दत्ताराव, फक्त कार्ड दाखवायचं. बाकी कंपनी बघते." म्हणून मी कार्ड लॅमिनेट करून कपाटात जपून ठेवलं होतं. कपाट घरी, घराची किल्ली आत्याच्या पिशवीत, पिशवी गाडीत आणि गाडी प्रकाशराव कुठंतरी लावायला घेऊन गेलेले.

हॉस्पिटलात इन्शुरन्सचं वेगळं टेबल असतं. तिथं श्रावणी नावाची मुलगी होती. घरी तेलुगू बोलणारी, मराठी आपल्यासारखीच. ती म्हणाली, "काका, कार्ड येईपर्यंत हेल्पलाइनला फोन करून कळवा." मी केला. पलीकडून विचारलं, "ॲडमिशन इमर्जन्सी आहे की प्लॅन्ड?"

मी म्हणालो, "प्लॅन्ड महाबळेश्वरचं होतं."

श्रावणीनं माझ्या हातातून फोन हळूच काढून घेतला.

मग तिनं खोलीचं विचारलं. एसी की साधी, सोबत किती जण, जेवण घरून की इथलं. सगळं सांगून होतंय तोवर माझा फोन वाजला. "सर, रूम एसी देऊ की साधी? किती जण आहात? जेवण आमच्याकडेच ना?" मला वाटलं वरच्या मजल्यावरून विचारतायत.

"आत्ताच सांगितलं की ओ खाली. पेशंटजवळ त्याची आई राहील, आणि खोलीत ऑक्सिजन पाहिजे म्हणजे पाहिजे."

पलीकडचा माणूस वही चाळताना ऐकू आला. मग म्हणाला, "सर, आपल्याकडे व्हॅली व्ह्यू आहे."

तो महाबळेश्वरच्या हॉटेलचा मॅनेजर होता.

*

खोलीत एसी फार गार होता. तो कमी कसा करायचा ते नर्सला माहीत नव्हतं आणि ज्याला माहीत होतं तो दिवाळीच्या सुट्टीवर गेला होता. पण आमची तयारी जय्यत होती. गाडीतल्या बॅगा वर आणल्या. स्वेटर, शाली, पायमोजे, माकडटोप्या, सगळं महाबळेश्वरसाठी घेतलेलं.

दुसऱ्या दिवशी भवानी पेठेतनं माणसं भेटायला यायला लागली. बाहेर सोलापूरचं ऊन, घाम पुसत शहाळी घेऊन आत यायची आणि दारातच थबकायची. पलंगावर शौर्य पातळ चादरीत, आणि भोवती आम्ही चौघं कानापर्यंत गुंडाळलेले. शेजारचे अण्णा मला बाहेर घेऊन गेले आणि हलकेच म्हणाले, "खरं सांग दत्ता, ॲडमिट किती जण आहात?"

*

तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन निघाला. शौर्यनं बिस्कीट मागितलं तेव्हा सुवर्णा बाथरूममध्ये जाऊन रडून आली. आता सगळं सरळ होणार असं वाटत असतानाच श्रावणीनं आम्हाला खाली बोलावलं. कंपनीनं मंजुरी थांबवली होती.

केसपेपरवर लिहिलं होतं: जन्मापासून श्वासाचा त्रास, वारंवार आजारपण. कंपनीचं म्हणणं, म्हणजे दुखणं जुनं आहे आणि पॉलिसी घेताना ते लपवलं.

प्रकाशरावांचा चेहरा उतरला. "हे असंच राहिलं तर आत्ताचं जाईलच," ते म्हणाले, "पण पुढंही पोराच्या छातीचं काही झालं की ते जुनंच धरतील. आयुष्यभर."

"पण जन्मापासून असं सांगितलं कुणी?" मी विचारलं.

"म्या," आत्या म्हणाली. "डाक्टरला वाईच वाढवून सांगितल्याबिगर त्यो लक्ष देतोय व्हय?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, मी पहिल्यापासून लक्षच देतेय." त्या दुरुस्ती लिहून द्यायला तयार होत्या. पण कंपनीला ज्यांनी सांगितलं त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. बारा वाजता फोन येणार, तो रेकॉर्ड होणार. आत्यानं एवढंच म्हणायचं की मूल आधी ठणठणीत होतं, कधी आजारी नव्हतं.

"एवढंच ना?" मी म्हणालो.

"म्या न्हाय बोलणार," आत्या म्हणाली.

*

आधी मला वाटलं तिला फोनची भीती वाटते. मग वाटलं चूक कबूल करायला लाजते. दोन्ही नव्हतं.

"आत्या, खोटं बोलायचं नाहीये. खरं तेच सांगायचंय."

"खरं हाय म्हणूनच बोलायचं न्हाय."

मला काही कळेना. साडेअकरा वाजले होते. माझा तोल गेला आणि मी नको ते बोललो. "बाजारात शेळी विकताना बरं म्हणतेस, एक दिवस आजारी नाही म्हणून!"

"शेळी इकायची असती," आत्या म्हणाली. "ह्येला इकायचाय का?"

आत्या भिंतीकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझा महादू तीन वर्साचा हुता. आडावर एक बाई म्हणली, पोरगं ग्वाड हाय गं. म्या म्हणलं, व्हय, एक दिस पडून न्हाय माझं पोरगं. म्या म्हणलं. आठ दिसांत गेला."

तिचं एक मूल गेलं होतं हे मला ठाऊक होतं. आपल्याच एका वाक्यानं ते गेलं असं ती चाळीस वर्षं धरून बसली होती, हे ठाऊक नव्हतं. म्हणून डॉक्टरलाही आधी नाजूक म्हणून सांगितलं, म्हणून वाळक्या. मला तिची फार लाज वाटली होती मघाशी, आता स्वतःची वाटली. प्रकाशरावांनी डोक्यावरची माकडटोपी काढून हातात घेतली. पोराचं नुकसान दोन्हीकडून दिसत होतं.

श्रावणी टेबलामागून सगळं ऐकत होती. तिनं पर्स उघडली, एक रुपयाचं नाणं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"आजी, आमच्या घरात माझ्या मामाला दृष्ट लागू नये म्हणून असंच शेजारणीला विकलं होतं. मापटंभर कोंड्याला. तो आता साठ वर्षांचा आहे. तुम्ही याला मला विका."

आत्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "सांभाळशील?"

"सांभाळेन."

आत्यानं नाणं उचललं, पदराला गाठ मारली. तेवढ्यात फोन वाजला.

तिनं तो दोन्ही हातांनी धरला. मुलाचं नाव विचारल्यावर तिनं "शौर्य" म्हणून सांगितलं. तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग पलीकडून विचारलं, याआधी काही आजार, आणि आत्या जी सुरू झाली ती थांबेना.

"एक दिस आंथरुणात न्हाय. छाती म्हणाल तर फळी. पळाया लागलं तर माझ्या हातनं घावत न्हाय. दोन भाकरी खातंय, दूध पितंय, कुणाला उलट बोलत न्हाय. मला चालताना हात देतंय. पाळण्यात हुतं तवापास्नं हासरं हाय. असं पोरगं सगळ्या तालुक्यात न्हाय ओ."

पलीकडची बाई दोनदा म्हणाली, "ठीक आहे आजी, नोंद झाली." आत्या बोलतच होती. सुवर्णा माझा दंड धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. पाचव्या दिवशी शौर्यला घरी सोडलं. सगळी कागदपत्रं झाली, बॅगा गाडीत गेल्या, आणि आत्या काही पायऱ्या उतरेना. शौर्यला हाताला धरून ती श्रावणीच्या टेबलापाशी गेली. पदराची गाठ सोडून तिनं नाणं पुढं केलं.

श्रावणी नाण्याकडे बघून म्हणाली, "नाही आजी. फोनवर तुम्हीच सांगितलंत ना, असं पोरगं सगळ्या तालुक्यात नाही. एका रुपयात कसं देऊ?"

आत्यानं पदर सावरला, शौर्यला पुढं ओढलं आणि त्याची हनुवटी वर केली.

"कशाचं काय! नाक बघ ह्येचं, चोवीस तास गळतंय. दात किडल्यात. एक घास गिळाया घंटा लावतंय, आन् झोपंत लाथा मारतंय. बाजारात न्हेलं तर कुणी फुकट घ्याचं न्हाय." तिचा आवाज बाजारातला होता, पण मनगट तिनं एवढं घट्ट धरलं होतं की शौर्य कळवळला. "रुपया बी लई हुतोय. पन आमाला त्येची सवय लागलीया. दे."